एफईचं प्रोग्रॅमिंग: जर्नल भरलेलं, हात रिकामे. शिकवायचं कसं, मार्क द्यायचे कसे?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नाशिक परिसरात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला (एफई) प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्यांसाठी हा धागा. आडगाव, गंगापूर रोड, त्र्यंबक रोड, सिन्नर, कुठलंही कॉलेज घ्या, चित्र तेच. टर्मवर्कच्या फायली तुडुंब, प्रत्येक प्रोग्रॅमखाली आउटपुटचा सुबक चौकोन, आणि प्रॅक्टिकलला 'तीन संख्यांतली मोठी' ऐवजी 'तीन संख्यांतली मधली' विचारली की अर्धी बॅच गार.

नुसता मुलांना दोष देऊन भागत नाही. २००१ मध्ये मॅक्रॅकन यांच्या गटाने वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांत, प्रोग्रॅमिंगचा पहिला टप्पा संपवलेल्या मुलांची एकाच धर्तीची परीक्षा घेतली. सरासरी आली ११० पैकी २२.८९. पुढे २००४ मध्ये रेमंड लिस्टर आणि सहकाऱ्यांनी तपासलं की लिहिणं राहू द्या, दुसऱ्याने लिहिलेला छोटा कोड वाचता तरी येतो का. बऱ्याच जणांना तेही धड जमत नव्हतं. आपण मात्र दुसऱ्या आठवड्यापासून 'प्रोग्रॅम लिहा' म्हणून मोकळे होतो.

म्हणून प्रस्ताव असा: मार्क फायलीतून काढा आणि समोर बसून केलेल्या कामावर टाका. त्या कामाचा क्रमही ठरलेला हवा. आधी वाचणं, मग बदलणं, मग लिहिणं. दोन तासांच्या प्रॅक्टिकलची वाटणी साधारण अशी बसते:

पहिली २० मिनिटं मॉनिटर बंद. छापील कागदावर सहा-आठ ओळींचा कोड, आउटपुट काय येईल ते पेनने लिहायचं. पेन्सिल नको, नंतर खोडतात. पुढची १० मिनिटं तोच कोड चालवून ताळा करायचा आणि चुकलं असेल तिथे दुसऱ्या रंगाने कारण लिहायचं. मग ३० मिनिटं त्याच कोडात दोन बदल. मग ४५ मिनिटं नवा प्रोग्रॅम. शेवटची १५ मिनिटं शेजाऱ्याचा कोड वाचून तो काय करतो हे एका वाक्यात लिहायचं. 'फॉर लूप लावला, मग इफ लावलं' हे चालणार नाही. 'यादीतल्या सम संख्यांची बेरीज काढतो' हे चालेल.

तपासायला वेळ कुठून आणायचा, मार्कांची वाटणी कशी करायची, भाषा कुठली, सगळ्यावर बोलू. कोडमधले कीवर्ड इथे देवनागरीतच लिहिले तरी कळतील.

---

सेमिकोलन

पहिल्या २० मिनिटांचा कागद हा या सगळ्याचा कणा आहे, पण तो नीट बेतायला हवा. नमुना बघा:

बेरीज = ०
फॉर आय इन रेंज(१, ५):
    इफ आय % २ == ०:
        बेरीज = बेरीज + आय
प्रिंट(बेरीज)

उत्तर ६. वरवर छान प्रश्न, पण कुचकामी. रेंजमध्ये शेवटची संख्या धरली जात नाही, ही एफईच्या मुलांची सर्वात मोठी अडचण. ज्याला वाटतं की ५ सुद्धा धरला जातो, त्याचंही उत्तर ६ च येतं, कारण ५ विषम. म्हणजे चुकीचं समजलेल्याला पूर्ण मार्क.

आता ५ च्या जागी ६ करा. बरोबर उत्तर अजूनही ६. पण शेवटची संख्या धरणारा १२ लिहील. इफकडे दुर्लक्ष करणारा १५ लिहील. 'बेरीज' प्रत्येक फेरीत नव्याने भरते असं समजणारा ४ लिहील. आणि प्रिंट लूपच्या आत आहे असं वाचणारा ०, २, २, ६, ६ असे पाच आकडे लिहील. एका अंकाच्या बदलाने प्रत्येक चुकीच्या उत्तराला कारण चिकटलं. ६० कागद तपासायला १५ मिनिटंही लागत नाहीत, कारण पायऱ्या वाचायच्याच नसतात, फक्त आकडा बघून ढीग लावायचे. बाराचा ढीग मोठा असेल तर पुढच्या लेक्चरची सुरुवात रेंजने.

प्रश्न काढताना आधी चुकीची उत्तरं काढा. दोन वेगळ्या गैरसमजांतून एकच आकडा येत असेल तर संख्या बदला.

दुसरं, ट्रेसिंगचं (कोड ओळीओळीने हाताने चालवून बघण्याचं) कोष्टक मुलांकडून आडवं करून घ्या: प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना, अटीला एक रकाना (खरी/खोटी), आउटपुटला एक रकाना, आणि प्रत्येक फेरीला एक ओळ. अटीचा रकाना मुलं हमखास गाळतात आणि चूक नेमकी तिथेच लपते.

---

वाचनमात्र

+१. वाचनखूण साठवली.

---

त्र्यंबकरोड

सगळं पटलं, पण ही उदाहरणं पायथनमधली. पॅटर्न (अभ्यासक्रम) बदलला की भाषा बदलते. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये पहिल्या वर्षाला पायथन आलं, त्याआधी सी होतं. डिप्लोमाकडची मुलं सी करून येतात. नेमकं कशावर बेतायचं? आणि सी शिकवायचं तर लॅबमध्ये अजून टर्बो सीची ती निळी स्क्रीन.

---

निळीस्क्रीन_नको

भाषेचा वाद इथे घालू नये, सिलॅबस जे सांगेल ते शिकवायचं. पण डॉसबॉक्समध्ये टर्बो सी चालवणं हा सिलॅबसचा भाग नाही, ती नुसती सवय आहे. तोटा नेमका काय ते सांगतो.

टर्बो सीमध्ये इंट (पूर्णांकाचा प्रकार) १६ बिटांचा, कमाल ३२७६७. फॅक्टोरिअलचा प्रोग्रॅम ७ ला ५०४० देतो आणि ८ ला ४०३२० ऐवजी उणे २५२१६. जीसीसीवर (हा आजचा मोफत सी कंपायलर) इंट ३२ बिटांचा, १२ पर्यंत उत्तर बरोबर (४७९००१६००) आणि १३ ला सहसा १९३२०५३५०४ येतं. हे जास्त धोकादायक, कारण आकडा धन आहे, मोठा आहे, खरा वाटतो. खरं उत्तर ६२२७०२०८००. त्यामुळे जीसीसीवर गेलात तर टेस्ट केसमध्ये १३ घालायलाच हवा, नाहीतर चूक वर्षभर कळत नाही. सी मानकाप्रमाणे चिन्हांकित इंटचा ओव्हरफ्लो (मर्यादेबाहेर जाणं) अनिर्धारित आहे, म्हणजे 'हेच उत्तर येतं' असंही मुलांना शिकवू नका.

व्हॉइड मेन, क्लिअरस्क्रीन, गेटच्, कोनिओ हेडर ही चौकडी टर्बो सीबरोबर जाते. मूल कॅम्पसच्या ऑनलाइन टेस्टला बसतं तेव्हा पहिली एरर याच चौकडीची येते.

जीसीसी लावलंत तर सगळ्या वॉर्निंग चालू करणारा पर्याय (हायफन, कॅपिटल डब्ल्यू, ऑल) सुरुवातीपासून सक्तीचा करा. इफच्या कंसात == ऐवजी = पडलं तर तो ओरडतो. स्कॅनएफमध्ये & विसरलं तरी ओरडतो. हे दोन मिळून पहिल्या महिन्यातले निम्मे 'सर, चालत नाही' असतात. वॉर्निंग शून्य असल्याशिवाय 'दाखवायला या' म्हणू नका.

स्कॅनएफचा तिसरा घोळ मात्र कंपायलरला दिसत नाही: संख्या वाचल्यावर एंटर बफरमध्ये तसाच राहतो आणि पुढचं %सी तोच उचलतं. मुलाला वाटतं प्रोग्रॅमने प्रश्न गाळला. %सी च्या आधी एक मोकळी जागा सोडायची, एवढाच उपाय; पण कारण सांगितल्याशिवाय उपाय देऊ नका, नाहीतर मुलं ती जागा %डी च्या मागे टाकतात आणि मग प्रोग्रॅम आणखी काहीतरी टाइप होईपर्यंत अडून बसतो.

---

सेमिकोलन

@त्र्यंबकरोड, पायथनमध्येही सापळे कमी नाहीत, फक्त ते गप्प असतात. सगळ्यात वाईट हा: इनपुट नेहमी स्ट्रिंग देतं. 'दोन संख्यांतली मोठी' या प्रोग्रॅममध्ये मूल इंट करायला विसरलं आणि ३ आणि ७ देऊन बघितलं तर उत्तर बरोबर. ९ आणि १० दिले की मोठी संख्या ९! स्ट्रिंगची तुलना पहिल्या अक्षरापासून होते आणि '९' हे '१' च्या पुढे. बेरीज असती तर ५ आणि ३ चे ५३ होऊन चूक दिसली असती. तुलनेत ती लपते. म्हणून तुलनेच्या प्रत्येक प्रश्नाला वेगवेगळ्या अंकसंख्येची एक तरी टेस्ट केस हवी.

दुसरा सापळा प्रिंट आणि रिटर्नचा. फंक्शनच्या आत प्रिंट केलं, बाहेर पुन्हा प्रिंट केलं, खाली 'नन' छापून येतं. मुलं ते 'नन' खोडून जर्नलला आउटपुट लावतात.

पायथन लिहून चालवायला थॉनी हा प्रोग्रॅम घ्या. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठातलं आहे, पायथन त्यातच येतं, त्यामुळे पाथचा गोंधळ नाही, आणि त्याचा डीबगर एकेक पदावली कशी सुटत जाते ते टप्प्याटप्प्याने दाखवतो. प्रोजेक्टरवर दाखवायला फिलिप ग्वो यांचं पायथन ट्यूटरही उत्तम, सी सुद्धा चालतं त्यात. पण नेट लागतं.

---

पंचवटी_पासधारक

लेखी परीक्षेचे मार्क विद्यापीठाचे, तिथे आपल्या हातात काही नाही. पण टर्मवर्क आणि प्रॅक्टिकलचे मार्क आपल्या हातात असतात. ते २५ असोत की ५०, प्रमाण असं बसवता येईल:

आठवड्याचा आउटपुट-कागद २० टक्के, दहापैकी सर्वोत्तम आठ धरायचे (दोन गाळले की 'सर, मी त्या दिवशी आजारी होतो' हा विषयच संपतो). मशीनवरच्या दोन लॅब टेस्ट ४० टक्के. तोंडी २५ टक्के. जर्नल १५ टक्के.

जर्नलला शून्य करू नका. ऑडिटला फाईल मागतातच, आणि सीओ-पीओचा (कोर्स आउटकम, प्रोग्रॅम आउटकम) तक्ता भरायला पुरावा लागतो. फक्त फायलीत जायचं काय ते बदला. प्रोग्रॅमचा प्रिंटआउट नको. हाताने केलेलं ट्रेसिंगचं कोष्टक, एक आलेली एरर जशीच्या तशी, ती का आली आणि कोणत्या ओळीत काय बदललं. तीन गोष्टी, एक पान. दुसऱ्याचं कोष्टक उतरवलं तरी हाताने उतरवताना थोडं डोक्यात जातं.

---

गोदाकाठ

@पंचवटी_पासधारक, दहापैकी आठ धरणं आवडलं. तोंडीला २५ टक्के जास्त नाहीत का? २० जणांच्या बॅचला वेळ पुरत नाही, आणि एक्स्टर्नल आले की 'व्हॉट इज अल्गोरिदम' पासून सुरुवात.

---

पंचवटी_पासधारक

व्याख्या विचारायच्या असतील तर ५ टक्केही जास्त.

माणशी तीन मिनिटं धरा, २० जणांचा एक तास. दोन तासांच्या स्लॉटमध्ये अर्धी बॅच लिहीत असताना उरलेल्या अर्ध्या बॅचची तोंडी, मग अदलाबदल. विद्यार्थ्याचाच कोड स्क्रीनवर ठेवायचा आणि तीनच प्रश्न. एक: ही ओळ काढली तर काय होईल? (बोट ठेवून दाखवायची ओळ, शक्यतो 'बेरीज = ०' सारखी सुरुवातीची.) दोन: इथे १० ऐवजी ० दिला तर? तीन: आता एवढा बदल करून दाखव. तिसरा प्रश्न हा खरा. बदल दोन ओळींच्या आतला हवा, नाहीतर तीन मिनिटांत होत नाही. सरासरी काढणाऱ्या प्रोग्रॅमला 'शून्य मार्कवाले वगळून सरासरी' हा योग्य आकाराचा बदल. 'मीडियन काढ' हा नाही.

मार्क प्रत्येकी ०, १ किंवा २. अर्धा मार्क ठेवलात की हुज्जत सुरू.

---

लॅबचा_चावीवाला

मॅन्युअल तपासणी ६० च्या डिव्हिजनला दर आठवड्याला होणार नाही. कॉलेजात मूडल (ऑनलाइन वर्गाची प्रणाली) असेल तर त्यात व्हीपीएल किंवा कोडरनर हा कोड आपोआप तपासणारा ऑटोग्रेडर लावा. कोडरनरला कोड चालवायला जोब नावाचा वेगळा सर्व्हर लागतो. तो मूडलच्याच मशीनवर टाकू नका, वेगळ्या लिनक्स पीसीवर टाका. मुलांच्या कोडात अनंत लूप असणारच, तेव्हा वेळमर्यादा दोन-तीन सेकंदांची ठेवा.

ऑटोग्रेडरवर मुलं चिडतात ती तर्कासाठी नाही, आउटपुटच्या मजकुरासाठी. इनपुट घेताना मूल 'एंटर अ नंबर' छापतं, ते आउटपुटमध्ये मिसळतं आणि बरोबर उत्तर चूक ठरतं. म्हणून प्रश्नातच लिहा: इनपुटला कसलाही मजकूर छापायचा नाही, आउटपुटला फक्त संख्या. शेवटची मोकळी जागा आणि रिकामी ओळ दुर्लक्षित करा. दशांश असतील तर दोन स्थळांपर्यंत छापायला सांगा.

दंडाची रचना: पहिल्या तपासणीला काही नाही, दुसऱ्या चुकीला १० टक्के, पुढे २०. दंडच नसेल तर मुलं ऑटोग्रेडरलाच कंपायलर समजतात, एकेक अक्षर बदलून चाळीसदा बटण दाबतात.

टेस्ट केसचं उदाहरण म्हणून एसटीचं तिकीट घ्या, सीबीएसवर (नाशिकचं मध्यवर्ती बसस्थानक) उभं राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ७५ पुढच्यांना मोफत ऑगस्ट २०२२ पासून, महिलांना अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून. प्रश्नात नियम असे लिहा: वय ५ च्या खाली मोफत, ५ ते ११ अर्धं, ६५ ते ७४ अर्धं, ७५ आणि पुढे मोफत, महिलांना अर्धं, बाकी पूर्ण. सीमेवरची वयं खऱ्या परिपत्रकात कशी आहेत यावर वर्गात वाद नको, प्रश्नातला नियम अंतिम.

टेस्टसाठी वयं: ४, ५, ११, १२, ६४, ६५, ७४, ७५. प्रत्येक वय पुरुष आणि स्त्री, म्हणजे १६ केस. कमी करायच्या तर ५, १२, ६५, ७५ सोडू नका. मुलाने `<` च्या जागी `<=` लिहिलं असेल तर ते फक्त सीमेच्या वयावरच पकडलं जातं; ३० आणि ८० देऊन काहीच कळत नाही.

आणि यातली खरी मेख अटींच्या क्रमात. 'स्त्री असेल तर अर्धं' ही अट पहिली लिहिली की ७५ वर्षांच्या आजींना अर्धं तिकीट लागतं. चार वर्षांच्या मुलीलाही. एल्सइफच्या साखळीत पहिली खरी अट जिंकते, हे शिकवायला यापेक्षा बरं उदाहरण नाही. (७५, स्त्री) आणि (४, स्त्री) या दोन केस लपवलेल्या ठेवा. भाडं विषम द्या, म्हणजे ८५: अर्धं ४२.५ की ४२ की ४३ हे प्रश्नात सांगा, आणि // (अपूर्णांक टाकून देणारा भागाकार) वापरणारे आपोआप वेगळे पडतील.

---

द्राक्षएक्सपोर्ट

उदाहरणांवरून: 'स्टुडंट रेकॉर्ड' आणि 'बँक अकाउंट'चा कंटाळा आलाय. लासलगावचे कांद्याचे आठवड्याचे किमान, कमाल आणि सरासरी भाव घ्या, प्रति क्विंटल. यादी, कमाल-किमान, फाईल वाचणं, सगळं होतं. बाजार बंद असलेल्या दिवशी रकाना रिकामा असतो, त्यामुळे स्वच्छ नसलेला डेटाही फुकटात. निफाड, येवला, चांदवडच्या मुलांना उत्तर खरं की खोटं हे आकडा बघताच कळतं: किलोमागे दोन हजार रुपये आलं तर १०० ने भागायचं राहिलंय.

---

लॅबचा_चावीवाला

भारी. रिकाम्या रकान्याला फ्लोट लावला की एरर येते, तिथून ट्राय-एक्सेप्ट (एरर सांभाळायची रचना) शिकवता येईल.

---

सिन्नरफाटा

तपासणीच्या गप्पा छान, पण कॉपीचं काय? मॉस वगैरे कोणी वापरतं का? आणि आता चॅटजीपीटी.

---

निळीस्क्रीन_नको

मॉस ही सारखे कोड शोधणारी, स्टॅनफर्डकडून चालणारी मोफत सेवा. व्हेरिएबलची नावं बदलून, कॉमेंट टाकून ती फसत नाही, कारण ती मजकूर नाही तर कोडच्या रचनेचे ठसे जुळवते. तुम्ही दिलेला सुरुवातीचा कोड बेस फाईल म्हणून जोडा, नाहीतर सगळेच चोर ठरतात.

पण १५ ओळींच्या प्रोग्रॅमला ती लावू नका. मूळ संख्या ओळखण्याचा प्रोग्रॅम लिहायचे मुळात दोन-तीनच मार्ग, साठही जणांचा सारखाच दिसणार. ८०-१०० ओळींच्या मिनी प्रोजेक्टच्या खाली तिचा टक्का बघून कोणाला बोलावणं हा अन्याय आहे. आणि बोलावलंत तरी टक्का हा पुरावा नाही, दोन्ही फायली समोर ठेवून डोळ्यांनी बघायच्या.

चॅटजीपीटीसाठी 'हे यंत्राने लिहिलंय का' सांगणाऱ्या साइटवर विसंबून मार्क कापू नका. पहिल्या वर्षाचे प्रश्न त्याला सहज सुटतात, हे मान्य करून बेत आखा. घरी केलेल्या कामाला वजन कमी, समोरच्या कामाला जास्त. म्हणजे वर पंचवटीकरांनी दिलंय तेच प्रमाण. एक खूण मात्र उपयोगी: न शिकवलेलं काही दिसलं (लिस्ट कॉम्प्रिहेन्शन, लॅम्डा, एफ-स्ट्रिंग) तर तोंडीत तीच ओळ विचारा. येत असेल तर शाबासकी, कुठून आणलं ते विचारायची गरज नाही.

---

सिन्नरफाटा

एफ-स्ट्रिंग तर मुलं यूट्यूबवरूनही शिकतात. पण पटलं.

---

सुरगाणा_एसटी

सुरगाणा, पेठ, कळवणकडून मराठी माध्यमातून आलेल्या मुलांबद्दल. तर्क त्यांना येतो, अडतात ते प्रश्नाच्या इंग्रजीत आणि एररच्या इंग्रजीत.

लेक्चर मराठीत घ्यायला काहीच हरकत नाही, पारिभाषिक शब्द मात्र जसे आहेत तसेच ठेवा, परीक्षेत तेच येणार. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलचे सीचे धडे मराठीतही आहेत, लॅबच्या पीसीवर उतरवून ठेवा, हेडफोन लागतील.

एरर वाचायला वेगळा अर्धा तास द्या. पायथनची एरर खालून वर वाचायची: शेवटच्या ओळीत प्रकार, त्याच्या वर ओळ क्रमांक. सीची मात्र वरून खाली, आणि फक्त पहिलीच; एक सेमिकोलन राहिला की खाली दहा एरर लागतात, त्या दुरुस्त करत बसायचं नाही. शिवाय सीमध्ये दाखवलेला ओळ क्रमांक बऱ्याचदा चुकीच्या ओळीच्या पुढचा असतो. नेहमीच्या आठ एरर भिंतीवर लावा, प्रत्येकीखाली मराठीत एक ओळ.

अवांतर: पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं. भाव, वजन, एकूण, सगळं. पहिले दोन आठवडे याचा चांगला उपयोग होतो, कुठला शब्द पायथनचा आणि कुठला आपला हे नजरेलाच कळतं. अट एकच: काही कीबोर्ड जोडाक्षरात, विशेषतः अर्ध्या 'र'च्या ठिकाणी, न दिसणारं जोडचिन्ह घालतात, आणि पायथन ते नावात घेत नाही. 'फेऱ्या'सारखी नावं टाळा. संख्या कोडात ५ अशी लिहिली तर चालत नाही, पण इंटला स्ट्रिंग म्हणून '५' दिली तर तो निमूट पाच करतो.

---

त्र्यंबकरोड

@सुरगाणा_एसटी, हे माहीत नव्हतं, आजच करून बघतो. बाकी जे अजिबातच लिहू शकत नाहीत त्यांना एकदम 'लिहा' कसं म्हणायचं? मध्ये काही पायरी?

---

सेमिकोलन

आहे की. ओळींची जुळवणी. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये न्यूझीलंडमध्ये मांडली, म्हणून पार्सन्स प्रॉब्लेम म्हणतात. बरोबर प्रोग्रॅमच्या आठ ओळी कापून वेगवेगळ्या पट्ट्या करायच्या, त्यात दोन चुकीच्या ओळी मिसळायच्या (उदाहरणार्थ, रेंज(एन) आणि रेंज(एन + १) दोन्ही), आणि मुलांनी दहातल्या आठ निवडून क्रम लावायचा. पायथन असेल तर पट्ट्यांवर मोकळी जागा छापू नका, इंडेंट त्यांनीच ठरवायचा.

खबरदारी एक. 'बेरीज = ०' आणि 'मोजणी = ०' यांचा क्रम उलटा लावला तरी प्रोग्रॅम बरोबरच. अशा ओळी एकाच पट्टीवर छापा, नाहीतर उत्तरपत्रिकेत दोन्ही क्रम धरा. कागदावर चार मार्कांचा प्रश्न म्हणूनही चालतो, ओळींना अ, आ, इ अक्षरं देऊन. तपासायला माणशी अर्धं मिनिट.

---

गोदाकाठ

आता लिहिण्याचा प्रश्न. एलियट सोलोवे यांचा १९८६ चा पावसाचा प्रश्न मला अजूनही सगळ्यात चांगला वाटतो. इगतपुरीचा करून देता येतो: रोजचा पाऊस मिलिमीटरमध्ये वाचत जा, ९९९९९ आला की थांब, उणे आकडे चुकीची नोंद म्हणून सोड, बाकीच्यांची सरासरी छाप. दहा ओळींचं काम, पण लूप, अट, बेरीज, मोजणी, भागाकार सगळं एकमेकांत गुंतलेलं.

टेस्ट केस:
१०, ०, २५, ९९९९९ → ११.६७
१०, −५, २०, ९९९९९ → १५.००
१०, २०, ९९९९९, ५०० → १५.००
−५, ९९९९९ → नोंद नाही
९९९९९ → नोंद नाही

पहिल्या केसमधलं शून्य मुद्दाम. `> ०` लिहिणाऱ्याचं उत्तर १७.५० येतं, कोरडा दिवस हाही दिवस आहे. शेवटच्या दोन केसमध्ये शून्याने भागाकार होऊन प्रोग्रॅम पडतो. ज्यांनी तपासायच्या आधी बेरीज केली किंवा थांबायची तपासणी लूपच्या शेवटी टाकली, त्यांच्या बेरजेत ९९९९९ शिरतो आणि इगतपुरीत ढगफुटी होते.

१० मार्कांची वाटणी: योग्य जागी थांबणं २, उणे वगळणं २, शून्य धरणं १, नोंद नसल्याची काळजी २, बेरीज-मोजणी-सरासरी २, दोन दशांश १.

---

लॅबचा_चावीवाला

तर्क बरोबर, पण सिंटॅक्स चुकली म्हणून रनच होत नाही, त्याला किती?

---

गोदाकाठ

कागदावर असेल तर एकाच प्रकारच्या सिंटॅक्सच्या चुकीला एकदाच अर्धा मार्क कापा, दहा सेमिकोलन राहिले म्हणून पाच मार्क नाही. मशीनवर असेल तर रन न होणाऱ्याला कमाल ४. कंपायलर समोर होता, वेळ होता, दुरुस्त करणं हाही परीक्षेचाच भाग.

---

पंचवटी_पासधारक

परीक्षा झाल्यावर प्रश्नही तपासा. ६० मुलं एकूण मार्कांप्रमाणे लावा, वरची १६ आणि खालची १६ घ्या (२७ टक्के). एखादा प्रश्न वरच्यांपैकी १४ जणांनी आणि खालच्यांपैकी ५ जणांनी बरोबर सोडवला तर (१४ − ५) ÷ १६ = ०.५६, प्रश्न उत्तम. ०.२ च्या खाली आला तर शब्दरचना बघा. उणे आला तर आधी आपली उत्तरपत्रिका बघा, बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.

---

त्र्यंबकरोड

पुढच्या आठवड्यात लॅब टेस्ट आहे. इगतपुरीचा प्रश्न कागदावर देऊ की मशीनवर? लॅबमध्ये बॅकअप नाही, वीज गेली तर?

---

लॅबचा_चावीवाला

मशीनवर. कागदावर 'नोंद नाही'ची केस मुलांना सुचतही नाही. मशीनवर निदान प्रोग्रॅम पडलेला दिसतो आणि सावरायची संधी मिळते. पाचपैकी पहिल्या तीन केस उघड ठेवा, शेवटच्या दोन लपवा.

विजेसाठी: नेटवर अवलंबून राहू नका, सर्व्हर लॅबच्या लॅनवर ठेवा आणि सर्व्हर व स्विच दोन्ही यूपीएसवर घ्या. स्विच विसरतात. मुलांना दर दहा मिनिटांनी तपासणीचं बटण दाबायला सांगा, तेवढा कोड सर्व्हरवर राहतो. या टेस्टमध्ये तपासणीला दंड ठेवू नका आणि ते आधी सांगा, नाहीतर कोणी दाबत नाही. आणि पार्सन्सच्या पट्ट्यांचे २० संच छापून कपाटात ठेवा. वीज तासभर आलीच नाही तर त्या बॅचची टेस्ट त्यावर.

---

त्र्यंबकरोड

स्विच आमचाही यूपीएसवर नाही. उद्या बघतो.